दाताचा रंग

“आ करा,” टिल्लूने खालच्या मजल्यावरच्या आजोबांना त्यांच्या भाषेत सांगितलं आणि खांद्याला धरून त्यांना खिडकीशी नेलं. दाताचा रंग दिव्याखाली जुळवायचा नसतो, दिवसाच्या उजेडात जुळवायचा असतो. आजोबांचे वरचे पुढचे दोन दात नव्हते.

लंब्या मागे उभा राहून बघत होता. दोघं एकाच मालकांकडे कवळ्या करायला शिकले, मग टिल्लू इकडे परदेशात आला आणि लंब्या तिकडेच राहिला. “नाताळात ये, लॅब बंद असते, पोटभर गप्पा मारू,” असा टिल्लूचा फोन गेला आणि पाच दिवसांपूर्वी स्वारी बॅग घेऊन दारात हजर झाली.

टिल्लूने नमुन्याच्या दातांची पट्टी आजोबांच्या ओठाशी धरली. सोळा दात, सोळा छटा.

“उद्या संध्याकाळी यांची मुलगी येतेय, चार वर्षांनी, नातवंडं घेऊन,” तो म्हणाला. “मी करून दिलेले दात म्हाताऱ्याने परत केले. म्हणे, दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतात. तू सांग बघू, कुठला?”

“सातवा.”

“तेच म्हणतोय मी.”

लंब्या चमकला. उमेदवारीच्या चार वर्षांत टिल्लूने त्याचा एकही रंग मान्य केला नव्हता. एका दातावरून दोघं असे हमरीतुमरीवर यायचे की मालक दोघांनाही दुकानाबाहेर काढायचे. आणि बरोबर निघायचं ते बहुतेक वेळा टिल्लूचंच.

“थांब,” लंब्या म्हणाला. “सातवा नाही. अकरावा.” अकरावा दात चहात बुडवून काढल्यासारखा होता.

टिल्लूने पट्टी पुन्हा धरली, मान जराशी तिरकी केली. “हो, हो. अकरावाच. बरोबर.”

लंब्याने त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली. आजोबा बिचारे अजून आ करूनच उभे होते.

टिल्लू कामाला होता ती लॅब दोन गल्ल्या पलीकडे होती. सुट्टीमुळे हीटर बंद होता, म्हणून दोघं कोट अंगातच ठेवून टेबलाशी बसले. लंब्याने ट्रेमधून सातव्या रंगाचे दोन दात काढले, बर्नरवर सुरी तापवली आणि प्लास्टरच्या साच्यावर मेणात दात बसवायला घेतले. पहिला दात बसला तेव्हा म्हणाला, “कधीपासून?”

टिल्लूने टेबलावरचं मेण नखाने खरवडलं. “मार्चपासून. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर असेल. आता मधोमध सगळं धुरकट दिसतं. हात सवयीने चालतात रे. रंगाशीच घोडं अडतं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“गेलोच नाही. गेलो की ते कागदावर लिहून देणार. आणि कागद आला की माझी ही खुर्ची गेली.”

“वहिनींना माहीत आहे?”

“तिला एक अक्षर सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला.”

लंब्याने सुरी खाली ठेवली. “गप्पा मारायला ये म्हणालास. मी येडा, आपले सगळे जुने फोटो शोधून बॅगेत भरून आणले. आणि तुला नुसते माझे डोळे हवे होते.” त्याला खरंच लागलं होतं, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

“दोन्ही हवं होतं,” टिल्लू म्हणाला. “गप्पाही आणि डोळेही. इथे मी विचारू कुणाला? चुकलं तर तोंडावर चुकलं म्हणणारा तू एकटाच आहेस मला.”

यावर चिडून राहणं लंब्याला जमेना. त्याने दुसरा दात उचलला. “मी नाही सांगणार वहिनींना. पण तीन तारखेला माझं विमान आहे. चार तारखेला लॅब उघडेल, तेव्हा कुणाला विचारशील?”

 टिल्लूने उठून खिडकीचा पडदा आणखी बाजूला सारला, लंब्याला उजेड कमी पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा नवे दात घ्यायला वर आले. टिल्लूने दात बसवून दिले आणि हातात आरसा दिला. नवे कुठले आणि जुने कुठले, हे लंब्यालाही पटकन सांगता आलं नसतं. आजोबांनी आरशात तोंड वेडंवाकडं करून पाहिलं, मग टिल्लूचा हात दोन्ही हातांत धरून ते बोलतच सुटले. भाषा कळत नसली तरी कौतुक चाललंय एवढं लंब्याला कळत होतं. त्याला मनापासून बरं वाटलं.

टिल्लूने हात सोडवून घेतला. मग तो एक छोटंसं वाक्य बोलला. बोलताना त्याने आधी लंब्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या डोळ्यांकडे. आजोबांचं हसू मावळलं.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी कॉफीचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांत इथली भाषा त्यांना नवऱ्याइतकीच यायला लागली होती. टिल्लू त्यांच्याकडे वळला.

“अगं, मला…” एवढं बोलून तो थांबला. 

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

“त्यांना सांगून झालं,” त्या म्हणाल्या. “आता मला सांगा.”