तिच्या वाटची चिमूट

शेवटची गोळी पुठ्ठ्याला लागलीच नाही. मागच्या मातीच्या बांधावर धूळ उडाली आणि पोलीस शिपाई असलेल्या संघरत्नाने ओठ दातांखाली धरला.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या माळावर साहेब जीपला टेकून उभे होते. जिल्ह्याच्या पोलीस नेमबाजी संघात एकच जागा उरली होती आणि संध्याकाळपर्यंत नाव ठाण्याच्या मुख्यालयाला कळवायचं होतं. "अजून एकदा मार," ते म्हणाले. "नाही जमलं, तर दुसरा शिपाई पाठवतो."

"साहेब, रिव्हॉल्व्हरचा चाप मधेच अडतोय."

हत्यारं सांभाळणारा देवराम हवालदार उसळलाच. पोटच्या पोरासारखं जपलेलं रिव्हॉल्व्हर होतं त्याचं. "नाचता येईना, अंगण वाकडं! नळी रोज पुसतो मी. दसऱ्यापासून तुझा हात हलतोय, आन नाव माझ्या हत्याराला?"

दसऱ्यापासून ती हेच ऐकत होती. आता तिला स्वतःच्या हाताचीच भीती वाटायला लागली होती.

"मग तूच मारून दाखव, देवराम," साहेब म्हणाले.

देवराम ऐटीत उभा राहिला. पहिली गोळी मधोमध बसली. दुसरी काठाला घासून गेली. तिसरीला चाप ओढताना त्याच्या कपाळाची शीर फुगली आणि गोळी बांधात घुसली. त्याने रिव्हॉल्व्हर खाली केलं.

संघरत्नाने ते त्याच्या हातातून घेतलं. चक्री उघडून सगळी काडतुसं काढली. रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी मागची चांदणीसारखी चकती वर उचलून तिच्याखाली नखाने कोरलं. नखावर तांदळाची कणी आली, कुंकवाने लाल झालेली. तिच्यामुळेच चक्री फिरताना अडत होती.

देवरामचा चेहरा पडला. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला चक्र्या उघड्या ठेवून हत्यारं मांडली होती, आणि अक्षता त्यानेच टाकल्या होत्या. संघरत्ना बौद्ध घरातली. ती मागे भिंतीशी नुसती उभी होती.

"काय निघालं?" साहेबांनी लांबून विचारलं.

तिने मूठ मिटली. "कचरा होता, साहेब."

देवराम जवळ आला. आवाज अगदी खाली गेला होता. "सगळ्या हत्यारांवर एकेक चिमूट टाकली. ह्याच्यावर दोन."

"दोन कशाला?"

"तू हात नाय जोडलेस. म्हटलं, पोरीच्या वाटची आपणच टाकू. तिचा नंबर येऊ दे."

तिला रागही आला आणि भरूनही आलं. एवढे दिवस हाच माणूस तिच्या हाताला नावं ठेवत होता.

काडतुसं भरून ती रेषेवर गेली. वळून पाहिलं, तर देवराम डोळे मिटून हात जोडायच्या बेतात होता.

"काका, हात खाली ठेवा," ती म्हणाली. "आता माझा हात बघा."