गव्हाणीतली पावडर

म्हातारी गाय चाऱ्याला तोंड न लावता गव्हाणीकडे पाठ फिरवून उभी राहिली. “तुझ्या त्या सरकारी पावडरीनंच केलं हे!” अक्सेल सुनेवर कडाडला.

गायींच्या ढेकरांतला गॅस हवा तापवतो, म्हणून डेन्मार्कमधल्या त्यांच्या गोठ्यात तो गॅस कमी करणारी ही पावडर सरकारी नियमानुसार चाऱ्यात मिसळायची होती. साताऱ्याहून सून होऊन आलेल्या शलाकानं ते काम अंगावर घेतल्यापासून अक्सेलचा संशय धुमसत होता.

“बाबा, आज मी पावडर घातलीच नाही,” ती म्हणाली. “काल घातली, तेव्हा तिनं सगळं चाटूनपुसून खाल्लं.”

अक्सेलनं गायीचा जबडा चाचपला. हिरडी सुजली होती. ओशाळून त्यानं विचारलं, “पण आज का नाही घातलीस?”

“तुमचं ऐकून ऐकून मलाही शंका आली.”

डॉक्टरांना फोन लावता लावता अक्सेल हसला. “मग उद्यापासून दोघं मिळून घालू,” तो म्हणाला, “आणि दोघं मिळून लक्ष ठेवू.”