सुटलेले धागे

“डावा पाय बधिर होऊन किती काळ झाला?” डॉक्टर अंगडींनी दुसऱ्यांदा विचारलं.

“सहा महिने,” गौरव्वा ठामपणे म्हणाली.

ती खोटं बोलत होती. बागलकोटला येताना बसमध्ये शेजारच्या बाईने तिच्या मनात भरवून दिलं होतं, की दुखणं जुनं म्हटलं की डॉक्टर कंबरेच्या ऑपरेशनला हात लावत नाहीत. आणि गौरव्वाला पाय परत हवा होता. इलकलच्या घरात साड्यांचे दोन हातमाग होते. एक तिचा, एक नवरा ईरप्पाचा. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून ती विणायला बसली की कुणाचीच नसे. तो माग सोडून नुसत्या भाकऱ्या थापत बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. म्हणून इतके दिवस तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. ईरप्पालाही नाही.

डॉक्टरांनी कंबरेचा फोटो उजेडात धरला. “मणका सरकलाय, शीर दबलीय. दोन मणके स्क्रूने जोडायचे. ऑपरेशन मी करणारच, अव्वा. वेदना कमी होतील. पण पायात जोर किती येईल, ते शीर किती काळ दबली होती त्यावर आहे. सहा महिनेच असतील, तर वर्षभरात मागावर बसाल अशी मला आशा आहे. तीन-चार वर्षं असतील, तर तसं सांगवत नाही. खोटी आशा लावून मी कुणाला टेबलावर घेत नाही.”

वर्षभरात माग! गौरव्वा खुर्चीत पुढे सरकली.

“सांगितलं की, सहा महिने.”

डॉक्टर शेजारी बसलेल्या ईरप्पाकडे वळले. “यजमान, तुम्ही सांगा.”

“त्यांना काय विचारता?” गौरव्वा फणकारली. “घरातलं मीठ संपलेलं कळत नाही त्यांना!”

ईरप्पा खाली बघत बसला होता.

“चार वर्षं,” तो म्हणाला.

“अहो!”

“हिचा डावा पाय मागाची पावडी पुरती दाबत नव्हता. साडीत धागे सुटायचे. व्यापाऱ्याने साडी परत केली असती, तर हिच्या जिवाला लागलं असतं. म्हणून पहाटे ही पाणी भरायला गेली की मी सुई घेऊन धागे ओवायचो.” त्याने मान वर केली. “चार वर्षं मी साड्याच दुरुस्त करत बसलो, डॉक्टर.”