समासातल्या लाल खुणा

नाना आपल्या कादंबरीचं प्रत्येक प्रकरण आधी बायकोला वाचून दाखवत. तिने डोळा पुसला की समासात लाल खूण करत आणि त्या ओळीला पुन्हा हात लावत नसत. गेल्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं; अश्रूंची नळी कित्येक वर्षं तुंबलेली होती म्हणे. आज त्यांनी नायिकेच्या मरणाचं प्रकरण काढलं. जीव ओतून शेवटपर्यंत वाचलं, पण हिचे डोळे कोरडेठाक.

"म्हणजे इतकी वर्षं ती नळीच रडत होती तर," पेन्सिल खाली ठेवत ते म्हणाले.

"अहो, डॉक्टरांनी आता त्या पाण्याला नाकात वाट काढून दिलीय. मघापासून नाक ओढतेय मी, तुम्ही आपले डोळ्यांकडेच बघत बसलात."