हळदीचं बोलावणं

धम्मानंदाने अंगणात तुराट्यांचा जाळ केला आणि कातडं ताणून आवाज खणखणीत व्हावा म्हणून हलगी शेकायला धरली. त्याचे आबा, भगवानराव, ओसरीवर पाठ करून बसले. घरात हलगी निघाली की ते पाठच करत.

"पुण्याचं लोककलेचं पथक हाय, आबा. पगारी नोकरी. सांजच्याला व्हिडिओ धाडला न्हाई तर दुसऱ्याला घेतेत."

"मग बी.एड. कशाला केलं?"

शिक्षकाच्या नोकरीसाठी हिंडून चपला झिजल्या होत्या आणि घरची चूल आता मायच्या मजुरीवर पेटत होती. हलगी हा त्याचा कॉलेजातला नाद. जीव लावला होता तिला. तिच्यावर पोट भरेल असं कधी वाटलं नव्हतं, आणि आज वाटत होतं तर घरातच अडलं होतं.

"धम्माची दीक्षा घेतली त्या दिशी तुझ्या आज्यानं हलगी गंगाखेडला गोदावरीत सोडली," आबा म्हणाले. "उपाशी निजला, पण पुन्हा कुणाच्या दारात वाजवली न्हाई."

"दारात न्हाई, आबा. स्टेजवर. लोक तिकीट काढून ऐकतेत."

आबांनी मान वळवली. "दारात न्हाई ना?"

"न्हाई."

"मग वाजव."

मायने, सरजाबाईने, पदराने मोबाइल पुसला आणि समोर धरला. धम्मानंद वाजवू लागला. अशी हलगी त्याने जन्मात वाजवली नव्हती. आबांच्या पायाचा अंगठा नकळत ताल धरू लागला. ते पाहून सरजाबाईला हसू आवरेना.

तेवढ्यात फाटकाशी बन्सीधर येऊन उभे राहिले. गावातले मोठे बागाईतदार. चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं.

"वा रे पठ्ठ्या! आमचे म्हातारे सांगायचे, तुझ्या आज्याचा असाच हात होता. भगवान, सोमवारी आमच्या रोहिणीची हळद हाय. धाड ह्याला वाजवायला. त्या डीजेपेक्षा आपली जुनी रीत बरी. जेवणखाण, टावेल-टोपी, समदं करू."

आणि ते हसत निघूनही गेले. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं.

धम्मानंदाने हलगी खाली ठेवली. "राहू द्या, आबा. पुण्याला न्हाई म्हणून कळवतो." त्याला रडू फुटलं. सरजाबाईच्या हातातला मोबाइल अजून चालूच होता.

आबा उठले. फाटक लावून त्यांनी कडी घातली. येताना मूठभर तुराट्या आणल्या, विझत्या जाळावर घातल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हलगी हातात घेतली. कशी धरायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. "हात पोळंल," सरजाबाई म्हणाली. ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

"इथं राह्यलास तर आज न उद्या त्या दारात उभं राहावं लागंल," ते म्हणाले. हलगी जाळावरून हलली नाही.

"धर. तापलीय."