एकाच पत्त्यावरची मतं

दुसऱ्यांदा घेतलेल्या मतदानाची मोजणी चालू होती. कॅनडातल्या मिसिसागा शहरातल्या एका शाळेच्या जिममध्ये राजरत्न भिंतीला टेकून उभा होता आणि आपलं काही चुकलेलं नाही, असं स्वतःला बजावत होता.

तीन आठवड्यांपूर्वी इथेच पक्षाच्या सभासदांनी मतदारसंघाचा उमेदवार निवडला होता. कल्याणी सत्तावीस मतांनी जिंकली होती. आंबेडकर असोसिएशनमध्ये राजरत्नच्या हाताखाली तयार झालेली मुलगी. माईक कसा धरायचा इथपासून त्यानं तिला शिकवलं होतं. निकाल लागल्यावर लोकांनी पेढे वाटले. त्यानंही एक घेतला, पण न खाता रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं पक्षाच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. एक्केचाळीस सभासदांचा पत्ता एकच आहे, विहाराचा. गोष्ट खरी होती, पण तीत लबाडी कसली? ती सगळी इथे शिकायला आलेली पोरं; या पक्षाचं सभासद व्हायला नागरिकत्व लागत नव्हतं, इथे राहिलं की पुरे. दर चार महिन्यांनी भाड्याचं बेसमेंट बदलायची आणि टपाल हरवू नये म्हणून विहाराचा पत्ता द्यायची. असोसिएशनची ती जुनी पद्धतच होती. कार्यालयाचा लाडका उमेदवार, जयदीप, हरला होता. फेरमतदानासाठी साहेब लोक निमित्तच शोधत होते, त्यांच्या हाती आयतं कोलीत आलं.

“एवढी घाई कशाला केलीत?” बायको, इंदुमती, त्याला म्हणाली होती. “पोरांना सांगून पत्ते बदलून घेतले असते की.”

“आपण संविधान मानणारी माणसं,” तो म्हणाला होता. “नियम म्हणजे नियम.”

आजचा नियम असा होता की मत द्यायचं तर राहत्या घराचा कागद दाखवायचा. बेसमेंटमध्ये तोंडी बोलीवर राहणाऱ्या पोरांकडे कसला आलाय कागद? उणे अठरा अंशांच्या थंडीत तासभर रांगेत उभं राहून ती एकेक करून परत गेली. केया नावाची एक विद्यार्थिनी तेवढी त्याच्यापाशी थांबली. “अंकल, आय लिव्ह हिअर. मग मी कुठली?” तिनं विचारलं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांना चिकटलं होतं, राजरत्न खाली वाकून ते झटकू लागला.

निकाल लागला. जयदीप चौदा मतांनी जिंकला. एक्केचाळीसांतून सत्तावीस वजा केले की चौदाच उरतात, हे राजरत्नला कुणी सांगायला नको होतं. मुख्य कार्यालयाचा माणूस, विश्वनाथ, हसत जवळ आला. त्यानं राजरत्नचा हात दोन्ही हातांत घेतला.

“राजरत्नजी, आपने तो पार्टी बचा ली. अगली बार आपके बारे में भी सोचेंगे.”

राजरत्नला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

कल्याणी मंचावरून उतरून सरळ त्याच्याकडेच आली. रडलेली दिसत नव्हती. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर त्याला सोपं गेलं असतं.

“जय भीम, सर.”

“जय भीम. मनाला लावून घेऊ नकोस गं,” तो म्हणाला. “प्रश्न तुझा नव्हताच, तत्त्वाचा होता. प्रक्रिया स्वच्छ हवी.”

तिनं कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. आवाज जराही चढवला नाही.

“चार वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः उभे होतात, सर. तेव्हा पोरांचे सभासदत्वाचे साठ फॉर्म मीच भरले. पत्ता कुठला टाकू, म्हणून विचारायला आले, तर तुम्हीच म्हणालात, विहाराचा टाक, कोण बघतंय.”