आधी तू घरी जा

अगं ऐका ना, झालं काय, दहावीच्या सहामाहीचा निकाल लागला आणि टिपणीस बाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "पद्मजाला एकटी सोडू नकोस," म्हणाल्या. "जिवाचं काही बरंवाईट करून घेईल." माझी तर वाटच लागली, पद्मजा म्हणजे माझी वर्गातली जिगरी मैत्रीण. शाळा सुटली की मी तिला साकीनाक्याला घरी पोचवायचे. तर ही काय करायची, मला सोडायला परत मरोळला माझ्या घरापर्यंत यायची. मग मी परत तिला सोडायला. आठवडाभर हेच, यार. वाटेतल्या वर्कशॉपच्या गाळ्यातला लेथवाला पण विचारायला लागला, "पोरींनो, पहाऱ्यावर आहात काय?"

शेवटी एकदा चौथ्या फेरीला मी वैतागले. "जा ना गं तू घरी."

"आधी तू. बाईंनी सांगितलंय, तुला एकटी सोडायची नाही."

"मला? अगं, मला तुझ्याबद्दल सांगितलंय."

रस्त्यातच पोट धरून हसलो आम्ही. बाईंनी दोघींना काय बनवलंय, म्हटलं.

हसता हसता पद्मजा म्हणाली, "माझ्याबद्दल बोलल्या ना, ते खरंय पण."

मग मीही सांगून टाकलं, "माझ्याबद्दलचं पण."